न मोजलेले कपडे

रक्ताचा डाग थंड पाण्याने काढायचा आणि लगेच काढायचा. गरम पाणी लागलं की तो कपड्यात घर करतो. मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चौतीस वर्षं काढली. नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी मी एवढंच सांगत असे, बाकीचं काम हाताला आपोआप कळतं. निवृत्त होऊन आता पंधरा वर्षं झाली, तरी कुठे लाल ठिपका दिसला की माझा हात नळाकडे जातो. ही सवय मी चांगलीच समजत होते, त्या शनिवारपर्यंत तरी.

भाचीचा फोन मंगळवारी आला. माझ्या धाकट्या भावाची ही मुलगी. लहानपणी जेवताना घास गिळायची नाही, गालात भरून ठेवायची. तासाभराने पाहावं तर गाल तसेच टम्म. म्हणून तिला सगळे खारू म्हणायला लागले. आता तेहेतीस वर्षांची झाली, जुळ्या मुलींची आई झाली, बाजारातल्या घड्याळांच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसते आणि बापाच्या वयाच्या गिऱ्हाइकांना दटावते, तरी घरात ती खारूच.

तिने इकडचं तिकडचं काही न बोलता सांगितलं की तिला दिवस गेलेत, सात आठवडे होत आलेत, आणि ठेवायचं नाही असं दोघांनी ठरवलंय. जुळ्या अजून दोन वर्षांच्याही नव्हत्या. त्यांच्या वेळी शेवटचे तीन महिने तिने अंथरुणात काढले होते, ते मीही पाहिलं होतं. दवाखान्यात पहिली गोळी देतात, दुसऱ्या गोळ्या दोन दिवसांनी घरी घ्यायच्या, आणि त्या दिवशी जवळ एक मोठं माणूस हवं. नवरा मुलींना सांभाळणार होता. पण त्या दोन माकडांच्या घरात पाच मिनिटं आडवं होणं शक्य नाही, तेव्हा तुझ्याकडे येऊ का, असं तिचं म्हणणं.

आईला सांगितलंस का, एवढंच मी विचारलं.

"आई चार प्रश्न विचारेल आणि चाळीस उत्तरं देईल," खारू म्हणाली. "तू काही विचारत नाहीस, आत्या. म्हणून तर तुला फोन केला."

मी ये म्हणाले आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर किती वेळ बसून होते कोण जाणे.  मी काही विचारत नाही हे खरं आहे, पण ते समजूतदारपणामुळे नाही. मला विचारायची भीती वाटते.

माझ्याहून मोठी एक बहीण होती. तिला घरात थोरली म्हणत. ती एकोणीस वर्षांची असताना अशाच कारणापायी गेली, तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्या काळी अशा गोळ्या नव्हत्या, आणि अशा कामासाठी कुठलाही दवाखाना बाईला दारात उभं करत नसे. दोन गल्ल्या पलीकडे एक बाई राहायची, तिच्याकडे आई थोरलीला घेऊन गेली होती. घरात पुढे सगळ्यांना सांगितलं गेलं की ती तापाने गेली. भाऊ तेव्हा दोन वर्षांचा होता. तो आजही तापच समजतो.

गुरुवारी मी खारूबरोबर दवाखान्यात गेले. ती नको म्हणत होती. मीच म्हटलं, मला एकदा बघू दे कुठे आहे ते. खरं तर मला त्या जागेची खात्री करून घ्यायची होती. फरशी पुसलेली आहे का, टॉवेल कसे आहेत. टॉवेल चांगले होते, नीट उकळलेले. तेवढ्याने थोडा जीव भांड्यात पडला.

सोनोग्राफी होऊन गेली होती. गर्भ गर्भाशयातच आहे, वेडावाकडा कुठे रुजलेला नाही, हे आधी बघावं लागतं, असं नर्सबाईंनी सांगितलं. बाई चांगल्या आडव्या बांध्याच्या होत्या, कानामागे पेन खोचलेलं, आणि बोलण्याची पद्धत अशी की नव्या शिलाईयंत्रात दोरा कसा ओवायचा ते समजावून देतायत. पहिली गोळी खारूने त्यांच्यासमोरच पाण्याबरोबर गिळली. एवढीशी गोळी. तिने वाढ थांबते, म्हणाल्या. आज फार काही जाणवणार नाही, थोडं मळमळेल कदाचित, थोडा डाग दिसेल किंवा दिसणारही नाही. उद्या खुशाल कामावर जा.

मग शनिवारचं सांगितलं. सकाळी हलकं काही खायचं, दुखण्याची गोळी आधीच घ्यायची. नंतर चार गोळ्या, दोन एका गालात, दोन दुसऱ्या गालात, गाल आणि हिरडीच्या मधे. अर्धा तास तशाच ठेवायच्या, उरलेला चुरा पाण्याने गिळायचा. एक ते चार तासांत पोटात कळा येतील, रक्त जायला लागेल. पाळीपेक्षा जास्त जाईल, बरंच जास्त, गाठी पडतील. लिंबाएवढ्या गाठी पडल्या तरी घाबरायचं नाही. थंडी वाजेल, अंग थरथरेल, जुलाब होतील, उलटी होईल, अंग तापेलसुद्धा. हे सगळं पहिल्या काही तासांचं. एकदा पडून गेलं की कळा उतरतात, रक्तही उतरतं. मग पंधरा दिवस थोडं थोडं जात राहील.

खारू मान हलवत होती. मी नर्सबाईंच्या तोंडाकडे बघत होते, पण माझ्या डोळ्यांपुढे लहानपणच्या घरातली आमची मागची मोरी होती.

"आता तुम्ही ऐका, आजी," नर्सबाई माझ्याकडे वळल्या. "तिला त्या वेळी सुचणार नाही, म्हणून मोजायचं काम तुमचं. मोठं पॅड. एका तासात दोन पूर्ण भिजली, आणि लागोपाठ दोन तास तसंच चाललं, तर मला फोन करायचा. वाट बघायची नाही. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मोजतही बसायचं नाही, सरळ घेऊन यायचं. ताप दुसऱ्या दिवशीही राहिला तरी फोन. चोवीस तासांत रक्तच गेलं नाही तरी फोन. सांगा बघू मला परत."

मी शाळेतल्या मुलीसारखं सगळं म्हणून दाखवलं. तासात दोन, लागोपाठ दोन तास. एकही शब्द चुकला नाही. नर्सबाईंनी कागदावर नंबर लिहून दिला आणि खारूला म्हणाल्या, आत्याबाई पक्क्या आहेत तुमच्या.

शुक्रवारी खारू खरंच कामावर गेली. संध्याकाळी फोन करून सांगितलं, थोडं मळमळलं, बाकी काही नाही, आणि एका म्हाताऱ्याचं घड्याळ बघायला घेतलं तर आत पावाचा चुरा निघाला. ती हसत होती. मी पलंगावर मेणकापड घातलं, त्यावर इस्पितळातून निवृत्त होताना मिळालेली जाड पांढरी चादर. मोरीत दोन बादल्या थंड पाणी भरून ठेवलं. मेणकापड, चादर, बादल्या. तयारी करताना मला जरा बरं वाटत होतं. हात चालू असले की मला बरं वाटतं.

शनिवारी ती साडेआठला आली. भाजलेला पाव आणि अर्धं केळं खाल्लं, दुखण्याची गोळी घेतली. साडेनऊला मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि चार गोळ्या गालांत सारल्या. दोन्ही गाल फुगवून माझ्याकडे बघत बसली. तीस वर्षं मागे गेल्यासारखं वाटलं.

मी म्हटलं, आता अर्धा तास तुला बोलता येणार नाही, तर तुझ्या आईबद्दल माझी काय काय तक्रार आहे ती सगळी सांगून घेते. तिने वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, हसवू नकोस, पडतील. मग खाली लिहिलं, अर्धा तास पुरेल का?

दहा वाजता तिने चुरा गिळला. पावणेअकराला तिचे दात वाजायला लागले. दोन पांघरुणं घातली, गरम पाण्याची पिशवी पोटाशी दिली, तरी पलंग हलत होता. नर्सबाईंनी सांगितलेलं होतं, थंडी वाजेल. मला पाठ होतं. पण थोरलीलाही अशीच थंडी वाजली होती, आणि पाठ असलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं यांत पाहिलेलंच जड ठरतं. मी तिचे तळपाय चोळत राहिले. आत्या, तुझे हात माझ्यापेक्षा गार आहेत, ती म्हणाली.

सव्वाअकराला रक्त जायला लागलं. बारा वाजेपर्यंत कळा अशा आल्या की ती बोलायची थांबली. मोरीत जायची, यायची, गुडघे पोटाशी घेऊन पडायची, पुन्हा उठायची. एकदा उलटी झाली. जुळ्यांच्या वेळेपेक्षा बरं आहे, ती मधे म्हणाली, त्या वेळी बाहेर काढल्यावर दोघींना दूधही पाजावं लागलं होतं.

मी काय केलं ते सांगते. ती मोरीतून बाहेर आली की मी आत जायची. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं पॅड उचलायची, पिशवीत घालायची, पिशवीला गाठ मारायची. फरशीवर पाणी ओतायची. चड्डी बादलीत पिळायची, पाणी बदलायची, पुन्हा पिळायची. चादरीला डाग लागला, तर ती कूस बदलेपर्यंतही मला धीर धरवला नाही. तिला उठवून चादर काढली, डाग नळाखाली धरला, दुसरी चादर घातली. तिने पॅडचे दोन पुडे आणले होते, एक फोडलेला आणि एक नवा. तेही मोरीतल्या टोपलीत एकत्र करून नीट लावून ठेवले. साडेबाराला कचऱ्याची गाडी येते. गाडीचा भोंगा ऐकला तशी पिशवी घेऊन मी दोन जिने उतरून गेले आणि ती गाडीत टाकून आले. वर येऊन हात धुतले. मोरी अशी लख्ख होती की कुणी पाहुणा आला असता तर त्याला काही कळलं नसतं.

एक वाजून दहा मिनिटांनी खारू भिंतीला धरत मोरीतून बाहेर आली. चेहऱ्याचा रंग उडाला होता. मोठी गाठ पडली, म्हणाली, लिंबाएवढी, आणि तिच्याबरोबर बरंच काही. पलंगाच्या कडेवर बसली.

"आत्या, किती झाली?"

"काय किती?"

"पॅडं. खूप जातंय असं वाटतंय मला. किती झाली आतापर्यंत?"

मी तोंड उघडलं, पण आकडा आला नाही. चार म्हणावं तर पाच वाटत होती, पाच म्हणावं तर सात. त्यांतली पूर्ण भिजलेली किती, नुसती डागाळलेली किती, कुठली बाराच्या आधीची, कुठली नंतरची, काही काही माहीत नव्हतं. मी प्रत्येकाकडे पाहिलं होतं आणि एकही पाहिलं नव्हतं. रक्त दिसलं की ते नाहीसं करायचं, एवढंच माझ्या हातांना ठाऊक. मोजणं त्यांनी कधी केलेलंच नव्हतं.

 

फोन खारूनेच लावला आणि माझ्या हातात दिला. नर्सबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला, गेल्या तासात किती. मी म्हटलं, मला माहीत नाही.  त्या शांतपणे म्हणाल्या, टाकलेली बघून सांगा. मी म्हटलं, गाडीत गेली. पुड्यात किती उरलीत ते मोजा. मी म्हटलं, दोन पुडे होते, एक आधीच फोडलेला होता, त्यात किती होती तिलाही आठवत नाही. चादर कशी आहे? मी म्हटलं, धुतली. माझा आवाज बारीक होत चालला होता. बारा वर्षांच्या मुलीसारखा.

हेच प्रश्न मला आधी एकदा विचारले गेले होते.

नर्सबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी खारूला फोनवर घेतलं. चक्कर येतेय का, उठून उभी राहिलीस तर अंधारी येते का, छाती धडधडतेय का. खारू उभी राहिली, खोलीत चार पावलं चालली, म्हणाली, थकवा आहे, गरगरत नाही. मग मला सांगितलं. आता या मिनिटापासून नवीन पॅड. काहीही टाकायचं नाही, काहीही धुवायचं नाही. जे काढाल ते समोर मांडून ठेवायचं आणि वेळ लिहायची. गाठ पडल्यावर साधारण उतार पडतो, तसा पडतोय का ते आपण बघू. तासाभराने मी स्वतः फोन करते. मधे काहीही वेगळं वाटलं तर थांबायचं नाही, निघायचं.

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. खारूने तिचं घड्याळ माझ्या हातात दिलं.

मी मोरीच्या दाराशी खुर्ची घेतली. फरशीवर वर्तमानपत्र पसरलं. ती पलंगावर कुशीवर पडली होती, तिचा चेहरा माझ्याकडे. तो तास मला कधी विसरता येणार नाही. सेकंदाचा काटा बारीक आवाज करत होता आणि प्रत्येक फेरीला मला वाटायचं, आता ती डोळे मिटेल. तिची पापणी लवली की मी नाव घ्यायची. ती म्हणायची, आहे गं. एकदा म्हणाली, दर मिनिटाला हाक मारलीस तर मी त्यानेच मरेन. मग माझं तोंड बघून तिने ते वाक्य तिथेच सोडलं.

बावीस मिनिटांनी पहिलं काढलं. पूर्ण भिजलेलं. मी ते कागदावर ठेवलं, शेजारी पेनाने वेळ लिहिली.  बावीस मिनिटांत एक म्हणजे तासात दोनाच्या वरच. फरशीवर दोन थेंब पडले होते. नळ माझ्या उजव्या हाताला होता, तांब्या भरलेला होता. मी दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांवर बसले.

"काय झालं?" खारूने विचारलं. "हातांवर का बसलीस?"

तेव्हा मी तिला थोरलीचं सांगितलं. दुसरं काय करणार होते? तासाला अजून अडतीस मिनिटं होती.

मी सांगितलं की दुपारची वेळ होती. थोरली आतल्या खोलीत होती. वडील सहाला कारखान्यातून यायचे, त्यांना काही दिसता कामा नये, असं आईने मला बजावलं होतं. ती आतून एकेक कपडा बाहेर द्यायची आणि मी मागच्या मोरीत धुवायची. थंड पाण्यात, लगेच, हेही तिनेच शिकवलं. मी भराभर धुतलं. आई म्हणाली, किती हलका हात आहे गं तुझा. तिने मला इतक्या चांगल्या शब्दांत कधीच काही म्हटलं नव्हतं, म्हणून मी आणखी भराभर धुतलं. सहाला वडील आले तेव्हा घरात एक ठिपका नव्हता. थोरली धुतलेल्या चादरीवर झोपली होती, पांढरी पडलेली, दात वाजत होते. ताप आलाय म्हणून वडील डॉक्टरला घेऊन आले.

डॉक्टर हुशार होते. त्यांना शंका आली असावी. त्यांनी आईला विचारलं, हिला रक्त गेलंय का, किती गेलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांनी मला विचारलं. कपडे किती लागले, बाळ? आईचे डोळे माझ्यावर होते. मी म्हटलं, थोडेच. डॉक्टरांनी चादर पाहिली, फरशी पाहिली, मोरीकडे नजर टाकली. सगळं लख्ख होतं. तापाचं औषध देऊन ते म्हणाले, सकाळी दवाखान्यात आणा.

सकाळपर्यंत ती थांबली नाही.

हे मी त्रेसष्ट वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. तो गेला तेव्हाही त्याला एवढंच माहीत होतं की माझी एक बहीण तापाने वारली.

 खारू मोरीत जायला उठली. मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून आठ मिनिटं, म्हणजे आधीच्यानंतर सव्वीस मिनिटं झाली होती. ती आत गेली. मी दाराबाहेर उभी राहिले, आणि थोरली गेल्यापासून जे सोडलं होतं ते केलं, डोळे मिटून हात जोडले. तिने दार उघडलं, पॅड स्वतःच कागदावर ठेवलं आणि दोघी वाकून बघत राहिलो, ती घड्याळाच्या चक्रांकडे बघते तशी.

अर्धंही भिजलं नव्हतं.

"हे अर्धं धरायचं," ती म्हणाली.

मी म्हटलं, अर्ध्याला थोडं कमीच.

सव्वादोन वाजून गेल्यावर नर्सबाईंचा फोन आला. एक पूर्ण आणि एक अर्ध्याला थोडं कमी, मी सांगितलं, आणि वेळा वाचून दाखवल्या. कळा? खारूने हात आडवा हलवला, उतरतायत. ठीक आहे, उतार पडतोय, आणखी एक तास असंच मोजा, नर्सबाई म्हणाल्या. पुढच्या तासात एकच लागलं, तेही वरवर डागाळलेलं. त्यांनी साडेतीनला पुन्हा फोन केला आणि म्हणाल्या की पोटात काही जात असेल तर द्या. पंधरा दिवसांनी तपासणीला आणा. आजी, आता कागद उचलला तरी चालेल.

मी कागद उचलला नाही. पेज केली, दोघी पलंगावर बसून प्यालो. तिच्या ओठांवर रंग येत होता. मी दर घोटाला तिच्याकडे बघत होते. भीती गेली होती असं नाही. ती कागदासारखी मोरीच्या दाराशी पसरलेली होती, पण निदान दिसत होती.

खारूने वाटी खाली ठेवली.

"डॉक्टरने विचारलं तेव्हा तू खोटं बोललीस ना," ती म्हणाली. "खरा आकडा किती होता?"

मला माहीत नाही, मी म्हटलं. मी मोजलेच नव्हते.

"तू आजपण माहीत नाही म्हणालीस. पण पुडे बाजूला ठेवून नीट विचार केला असतास तर सांगता आलं असतं. तू सगळं हाताने धुतलंस. हाताला विचार."

मला राग आला. एवढ्या वर्षांनी काय उपयोग, मी म्हटलं. ती म्हणाली, उपयोग काही नाही. आज माझा आकडा लिहिला गेला, तिचा कुणी लिहिला नाही, एवढंच. तिने दवाखान्याचा तो नंबरचा कागद उलटा केला आणि पेन घेऊन बसली. भिंग लावून बसते तशी, घाई न करता.

पहिली चादर होती. निळ्या काठाची. ती मोरीत मावत नव्हती म्हणून मी तिच्यावर उभी राहिले होते. खारूने एक लिहिलं. मग आईचा जुना परकर, दोन तुकडे केलेला. त्याची नाडी माझ्या बोटांत अडकली होती. मग टॉवेल. दोन पातळ आणि एक वडिलांचा, खरखरीत. तो वाळेल की नाही याची आईला काळजी लागली होती. उशीचे अभ्रे चार. नाही, तीन. चौथा स्वच्छच होता, तो तिच्या डोक्याखाली होता. थोरलीचा झगा. मग पुन्हा परकराचे तुकडे, कारण आईकडे दुसरं काही उरलं नव्हतं. ते दोन्ही मी धुऊन आत देत होते आणि ते ओलेच परत येत होते. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. ओल्या कपड्यावरचं रक्त लवकर निघतं, म्हणून मला ते आवडायला लागले होते.

"परकर तीनदा, म्हणजे सहा," खारू म्हणाली. "सुरुवातीचे दोन यातच ना?"

यातच नाहीत, मी म्हटलं. ते आधीचे. ते वेगळे धर.

तिने बोट फिरवून बेरीज केली. एक, दोन, तीन, तीन, एक, सहा. सोळा, म्हणाली. सोळा कपडे, आत्या. आणि मला डॉक्टरांचा चेहरा दिसला. एखाद्याने त्यांना सोळा म्हटलं असतं तर ते तिथल्या तिथे थोरलीला उचलून घेऊन गेले असते. हे मला नेहमीच माहीत होतं, पण आकड्याशिवाय माहीत होतं.

खारूने माझा हात धरला. तू बारा वर्षांची होतीस, ती म्हणाली.

 माझी बोटं अजून चालूच होती, चादरीच्या काठाला चिमटीत धरत, सोडत. काहीतरी राहिलं होतं. ते मऊ होतं, त्याला पुढे तीन बटणं होती, आणि ते धुताना मी उघड्या अंगाने मोरीत बसले होते, दाराला आतून कडी लावून.

"सतरा लिही," मी म्हटलं. "फरशी पुसायला काही उरलं नव्हतं. शेवटी मी माझा फ्रॉक काढला होता."